पुराची पातळी मोजता, तशी उन्हाळ्यातली पंचगंगाही मोजा : शासनास खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, महाराष्ट्र शासन
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका
मा. आयुक्त, इचलकरंजी महानगरपालिका

विषय : पंचगंगा नदीत जाणारे सांडपाणी थांबवणे आणि शिरोळ तालुक्यातील नदीकाठ व घाट स्वच्छ करणे याबाबत.

महोदय,

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या घाटाखाली पुन्हा मासे मेले. पहाटे साडेपाचला शेजारच्या वहिनी दारात येऊन म्हणाल्या, “बाई, नदी आज काळी आलीया.” नदी ‘काळी येणे’ हे आमच्याकडे आता रोजच्या बोलण्यात रुळले आहे, पाऊस यावा, पूर यावा, तशी आमच्याकडे नदी काळी येते. मी घाटावर पोचले तेव्हा नुकते उजाडत होते. हातभर लांबीचे कटला मासे काठाशी येऊन, तोंड पाण्याबाहेर काढून उघडमीट करत होते आणि चिलापीची बोटभर पिल्ले पांढरे पोट वर करून पायरीच्या कडेला ओळीने लागली होती. सडक्या अंड्यांचा आणि मळीचा मिळून जो वास येतो, तो थेट वरच्या मारुतीच्या देवळापर्यंत येत होता. दोन मुले घमेल्यात मासे गोळा करत होती. जाळ्याची गरजच नव्हती, कारण मासे हाताने उचलता येत होते. ते खाऊ नका, असे मी त्यांना बजावले. त्यातले काही मासे सकाळी फाट्यावर विकले गेल्याचे मला दुपारी कळले.

गावातून संबंधित कार्यालयाला फोन गेले. दोन दिवसांनी माणसे आली, त्यांनी बाटल्यांत पाण्याचे नमुने भरून घेतले, पंचनाम्यावर चार ग्रामस्थांच्या सह्या घेतल्या. पुढच्या आठवड्यात वरून पाणी सोडले गेले, बंधाऱ्याचे काही बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढले गेले आणि काळे पाणी आमच्या दारातून पुढच्या गावाच्या दारात गेले. वास गेला तशी चर्चाही संपली. त्या नमुन्यांत काय आढळले, ते पाणी कोणाचे होते, कोणावर काय कारवाई झाली, यातले एक अक्षरही सह्या करणाऱ्या त्या चौघांपर्यंत आजवर पोचलेले नाही. हे पत्र जाहीरपणे लिहिण्याचे कारण एवढेच आहे. अर्ज, निवेदने, स्मरणपत्रे हा मार्ग आम्ही पुष्कळ वर्षे चाललो आहोत.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. 1981 साली लग्न होऊन मी या गावात आले. घरात पाऊल टाकण्याआधी सासूबाईंनी मला घाटावर नेले, पंचगंगेची ओटी भरायला लावली आणि तांब्याच्या कळशीत नदीचे पाणी भरून ती माझ्या कमरेवर दिली. त्या पाण्यावर त्या रात्री घरातला स्वयंपाक झाला. त्यानंतरची कित्येक वर्षे आमच्या गल्लीतल्या बायका पहाटे त्याच पायऱ्यांवर धुणे धुवायच्या आणि धुण्याच्या वरच्या अंगाला प्यायचे पाणी भरायच्या. दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याचे लग्न झाले. नव्या सुनेला आम्ही रिवाजाप्रमाणे घाटावर नेले, पण ती तिसऱ्या पायरीवरच थांबली, कारण त्याखालच्या पायऱ्यांवर काळा बुळबुळीत थर होता. जाऊबाईंनी पिशवीतून बोअरच्या पाण्याची बाटली काढली, ती नदीच्या दिशेने शिंपडली आणि खणा-नारळाची ओटी पाण्यात न सोडता कट्ट्यावर ठेवून आम्ही परत फिरलो. कोणी कोणाला काही बोलले नाही. माझ्या तक्रारीचा सगळा आशय मला त्या बाटलीत दिसतो, म्हणून ही घरगुती गोष्ट सरकारी पत्रात लिहिण्याचे धाडस केले आहे.

ज्यांना हा जिल्हा परिचित नाही, अशा वाचकांसाठी थोडी माहिती देते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती अशा पाच प्रवाहांची मिळून कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे पंचगंगा होते. तिथून सुमारे 80 किलोमीटर वाहून ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. म्हणजे ही नदी जन्मल्यापासून संगमापर्यंत एकाच जिल्ह्यात राहते. तिच्या वाटेवर आंतरराज्य तंटा नाही, दुसऱ्या राज्याकडे बोट दाखवण्याची सोय नाही. तिच्या पाण्यात जे काही मिसळते, ते करवीर, हातकणंगले आणि शिरोळ या तीन तालुक्यांच्या हद्दीत, एकाच जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अखत्यारीत मिसळते. एवढी आटोपशीर नदी आपल्या यंत्रणेला स्वच्छ ठेवता येत नसेल, तर मग कोणती नदी स्वच्छ ठेवता येणार आहे, हा प्रश्न मी अत्यंत गांभीर्याने विचारत आहे.

प्रदूषणाची कारणे कोणापासूनही लपलेली नाहीत. कोल्हापूर शहरातून जयंती आणि दुधाळी हे मोठे नाले नदीला येतात. जयंती नाल्याचे पाणी उपसा करून कसबा बावड्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात नेले जाते. 76 दशलक्ष लिटर दैनंदिन क्षमतेचे हे केंद्र राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेच्या पैशांतून उभे राहिले, ही चांगलीच गोष्ट झाली आणि ती मान्य केली पाहिजे. परंतु उपसा पंप थांबले, वीज गेली किंवा नाल्याला पाणी वाढले की तो नाला आपली जुनी वाट धरून थेट नदीत उतरतो. पुढे इचलकरंजीचा काळा ओढा येतो. यंत्रमागामुळे नदी नासते असे सरसकट म्हटले जाते, ते मला पटत नाही. माग कोरड्यावर चालतो आणि त्यावर हजारो कुटुंबांची चूल पेटते, त्यांत आमच्या गावची मुलेही आहेत. पाणी नासते ते सायझिंगच्या, म्हणजे सुताला द्यायच्या, खळीने आणि त्याहून अधिक कापडाच्या प्रोसेसमध्ये, म्हणजे धुलाई, ब्लिचिंग, रंगाई या कामांत. त्यावर प्रक्रिया करणे शक्य आहे आणि कायद्याने बंधनकारकही आहे. याशिवाय औद्योगिक वसाहतींचे पाणी आहे, गळीत हंगामात साखर कारखान्यांचे मळीमिश्रित पाणी आहे, आणि काठावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीचे गटार आहे. आमच्या गावाचे गटारही नदीतच जाते. ते मी इथे मुद्दाम लिहीत आहे, कारण दुसऱ्याचा हिशेब मागताना आपला हिशेब झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

आता माझ्या तक्रारी मांडते. त्यातली पहिली मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

शहरांनी आपल्या पिण्याच्या पाण्याची जागा बदलली, पण सांडपाण्याची जागा बदलली नाही. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली आणि नदीच्या पाण्याचा प्रश्न राज्यभर गाजला. त्यातून नदी शुद्ध करण्याचा निर्धार पुढे यायला हवा होता. पुढे आला तो मात्र दुसरीकडून पाणी आणण्याचा आग्रह. इचलकरंजी कृष्णेवरून, मजरेवाडीहून पाणी घेते, आणि पुढे दूधगंगेवरच्या सुळकूड योजनेसाठी प्रयत्न झाले, ज्याला दूधगंगाकाठच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. कोल्हापूरने काळम्मावाडी धरणातून 50 किलोमीटरहून अधिक लांबीची थेट पाइपलाइन टाकली आणि नोव्हेंबर 2023 मध्ये ते पाणी शहरात पोचले. कोल्हापूरच्या लेकीबाळींना स्वच्छ पाणी मिळाले याचा मला आनंद आहे. माझी धाकटी बहीण तिथेच राहते. इचलकरंजीच्या माणसांनाही शुद्ध पाणी मिळायलाच हवे. पण पाणीपुरवठ्याच्या नियोजनात एक साधा हिशेब धरलेला असतो, तो असा की शहराला जेवढे पाणी दिले जाते, त्यातले सुमारे 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. दुसऱ्या नदीतून जितके जास्त पाणी शहरात येईल, तितके जास्त सांडपाणी पंचगंगेत येईल. पाइपलाइनच्या प्रत्येक टप्प्याचे उद्घाटन होताना या दुसऱ्या टोकाच्या पाण्याचे काय, हे कोणी जाहीरपणे सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

यातला खरा धोका पुढचा आहे. शहर जोपर्यंत याच नदीचे पाणी पीत होते, तोपर्यंत नदी खराब झाली की नगरसेवकाच्या घरच्या नळालाही वास यायचा आणि आरडाओरडा व्हायचा. शहराचा नळ एकदा दुसऱ्या नदीला जोडला गेला की पंचगंगा खराब होण्याची झळ फक्त खालच्या गावांना बसते. मग शिरढोण, तेरवाड, नांदणी, धरणगुत्ती, कुरुंदवाड, नृसिंहवाडी इथल्या माणसांच्या तक्रारीला तेवढे वजन उरत नाही. आम्हाला काळम्मावाडीपर्यंत पाइपलाइन टाकता येत नाही. आमची जनावरे, आमच्या विहिरी, आमचे मोटारपंप आणि आमचे देव याच नदीच्या काठावर आहेत आणि तिथेच राहणार आहेत.

दुसरी तक्रार साचलेल्या पाण्याची. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे या नदीवर आहेत. पावसाळा संपला की त्यांत बरगे घातले जातात, आणि शेतीला ते हवेच असतात. मात्र बरगे घातल्यावर ही नदी वाहती राहत नाही, तिचे एकापाठोपाठ एक असे तलाव होतात. वाहत्या पाण्याला जी घाण काही प्रमाणात पचवता येते, ती अडलेल्या पाण्यात कुजत राहते. कुजण्याच्या क्रियेत पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्च होतो. रात्री पाणवनस्पतींकडूनही प्राणवायू तयार होत नाही, म्हणून पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते आणि मासे पहाटेच वर येतात. यात कोडे असे काही नाही. तरीही दर वेळी मासे मेल्यावर ‘कारण शोधण्यात येत आहे’ असे आम्हाला सांगितले जाते. आणि उपाय म्हणून वरून धरणाचे पाणी सोडून ती सगळी घाण एकेक बंधारा खाली ढकलली जाते. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीचे धरण बांधायला घेतले ते रयतेच्या शेतीला बारमाही पाणी मिळावे म्हणून. गटार धुऊन काढण्यासाठी ते पाणी वापरण्याची वेळ आपण आणली आहे, याचे मला मनापासून दुःख होते.

तिसरी तक्रार केंदाळाची, म्हणजे जलपर्णीची. सांडपाण्यातून येणारे नत्र आणि स्फुरद हे तिचे खत आहे. ते मिळत राहिले तर ती वाढणारच. हिवाळ्यापासून पाण्यावर तिचा जो गालिचा पसरतो, त्याखाली ऊन पोचत नाही, वर डासांची पैदास होते आणि मोटारीच्या फूटव्हॉल्व्हला तिच्या मुळांचा गुंता बसतो. माझ्या दिरांना तो गुंता काढायला दर दोन दिवसांनी पाण्यात उतरावे लागते आणि बाहेर आल्यावर गुडघ्यापर्यंत अंगाला खाज सुटते. घरी आम्ही त्यावर खोबरेल तेल लावतो. सरकारी उपाय असा की पोकलेन आणायचे, केंदाळ काढून काठावर टाकायचे, त्याचे फोटो काढायचे. काठावरचे केंदाळ तिथेच कुजते आणि पहिल्या पावसाला परत नदीत जाते. वरून येणारे सांडपाणी चालूच ठेवून केंदाळ काढण्यावर दर वर्षी पैसे खर्च करणे, याला मी स्वच्छता म्हणू शकत नाही.

चौथी तक्रार माहितीची आहे. पावसाळ्यात ही नदी दिवसरात्र मोजली जाते. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आमच्याकडच्या तिसरीच्या मुलालाही पाठ असते. 2019 आणि 2021 च्या महापुरात आम्ही तासातासाला मोबाइलवर ‘किती फूट, किती इंच’ हे वाचत होतो, आणि त्या माहितीमुळे माणसे आणि जनावरे वेळेत हलवता आली. ते काम करणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याविषयी मला आदर आहे. मग त्याच नदीत मार्च ते मेमध्ये प्राणवायू किती आहे, हे मात्र आम्हाला कोणीच का सांगत नाही? घाटावर स्नान करण्याजोग्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने निकष ठरवून दिलेले आहेत. विरघळलेला प्राणवायू दर लिटरला किमान 5 मिलिग्रॅम हवा आणि जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे घाण कुजवायला लागणारा प्राणवायू, 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. हे दोन आकडे प्रत्येक बंधाऱ्याचे रोज मिळाले, तर सकाळी जनावर नदीवर न्यायचे की नाही, एवढा निर्णय तरी आम्हाला घेता येईल. आज आम्ही तो निर्णय वास घेऊन करतो.

नृसिंहवाडीबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. दत्तमहाराजांच्या पादुकांच्या दर्शनाला महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून भाविक येतात. पुराचे पाणी पादुकांवरून वाहून दक्षिण दाराने बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानासाठी माणसे रात्री-अपरात्री धावत येतात. ही माणसे संगमाचे पाणी ओंजळीत घेतात, तोंडात घालतात, बाटलीत भरून घरी नेतात. त्यांच्या श्रद्धेत हस्तक्षेप करण्याचा अधिकार मला नाही, पण ते पाणी कसे आहे हे सांगणारी एक साधी पाटी घाटावर लावणे ही शासनाची जबाबदारी आहे.

आरोग्याबद्दल मी थोडक्यात लिहिते. शिरोळ तालुक्यात गेली काही वर्षे घरोघरी कर्करोगाची चर्चा आहे. माझ्यासोबत शाळेत काम केलेल्या दोन सहकारी शिक्षिका या आजाराने गेल्या. त्याचे कारण ठरवणे हे माझे काम नाही, ते शोधणे आरोग्य विभागाचे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे काम आहे. आणि ते नदीचे पाणी, विहिरीचे पाणी, शेतातली औषधे असे सगळे एकत्र तपासून, निष्कर्ष गावसभेत वाचून दाखवून झाले पाहिजे.

कायदा नाही, आदेश नाहीत, असे कोणीही म्हणू शकणार नाही. 1974 चा जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम आहे. त्याच्या कलम 24 नुसार नदीत प्रदूषके सोडण्यास मनाई आहे आणि कलम 33-अ नुसार मंडळाला उद्योग बंद करण्याचे, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचे निर्देश देता येतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2017 मध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्रे तीन वर्षांत उभारावीत आणि ज्या उद्योगांकडे चालू स्थितीतील प्रक्रिया यंत्रणा नाही ते चालू देऊ नयेत, असा आदेश दिला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातील 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांत सर्वाधिक, म्हणजे 53, महाराष्ट्रातले होते आणि पंचगंगा त्यांत होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्याच वर्षी सर्व राज्यांना कृती आराखडे करायला सांगितले. मुंबई उच्च न्यायालयात पंचगंगेसाठी जनहित याचिका झाल्या, समित्या झाल्या, अहवाल झाले. ज्या कार्यकर्त्यांनी स्वतःच्या खर्चाने आणि वेळ देऊन हे लढे चालवले, त्यांचे या जिल्ह्यावर उपकार आहेत. पण आराखडा तयार होणे आणि पाणी स्वच्छ होणे यांत जे अंतर आहे, ते कापण्याची जबाबदारी कोणा एकाच्या नावावर लिहिलेली नाही. महापालिका म्हणते निधी नाही, मंडळ म्हणते नोटीस दिली आहे, पाटबंधारे खाते म्हणते आमचे काम पाणी सोडण्याचे, ग्रामपंचायत म्हणते आम्ही लहान. यातले प्रत्येक उत्तर त्या त्या कार्यालयात बसून बरोबर वाटत असेल. आमच्या घाटावर ती सगळी उत्तरे एकत्र येतात, तेव्हा त्यांचा रंग काळा असतो.

यावर आमच्या मागण्या अशा आहेत.

कोल्हापूर किंवा इचलकरंजी शहरासाठी बाहेरून पाणी आणण्याच्या कोणत्याही नव्या योजनेला किंवा वाढीव टप्प्याला मंजुरी देताना, त्यातून तयार होणाऱ्या संपूर्ण सांडपाण्यावरील प्रक्रियेची व्यवस्था आधी चालू झालेली असली पाहिजे, अशी अट शासन निर्णयानेच घालावी. व्यवस्था कागदावर मंजूर असणे पुरेसे धरू नये. आमच्या सगळ्या मागण्यांत ही मागणी मी पहिली ठेवते, कारण ती मान्य झाली तर शहरांचे आणि आमचे हित पुन्हा एका दोरीत बांधले जाईल.

नदीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या मुखाशी प्रवाह मोजण्याचे यंत्र बसवावे, आणि उपसा केंद्रातले पंप बंद पडून सांडपाणी नदीत गेले तर ते किती तास आणि किती लिटर गेले, हे त्याच दिवशी जाहीर करण्याचे बंधन संबंधित महापालिकेवर घालावे. पंपांसाठी पर्यायी वीज ही चैनीची बाब समजू नये.

राजारामपासून शिरोळपर्यंतच्या सर्व बंधाऱ्यांवर विरघळलेल्या प्राणवायूची रोज पहाटे मोजणी व्हावी आणि पूरपातळीचे पत्रक ज्या पद्धतीने गावोगाव पोचते, त्याच पद्धतीने हे आकडे नोव्हेंबर ते जून या काळात पोचवावेत. यंत्रणा आहे, माणसे आहेत, मोबाइलवरचे गट आहेत. फक्त मोजायची गोष्ट बदलायची आहे. आकडा ठरावीक पातळीच्या खाली गेला की पुरासारखाच इशारा द्यावा, म्हणजे मासे मरण्याआधी कोणीतरी जागे होईल.

कापड प्रोसेस करणाऱ्या उद्योगांच्या पाण्यासाठी सामूहिक प्रक्रियेची पुरेशी क्षमता उभारण्यास शासनाने अर्थसाहाय्य द्यावे आणि ते दिल्यानंतरही जो उद्योग चोरून पाणी सोडेल, त्याच्यावर कलम 33-अ खाली कारवाई व्हावी. लहान उद्योजकाला मदत न करता फक्त नोटिसा पाठवत राहिले, तर तो रात्री व्हॉल्व्ह उघडतो, हे इचलकरंजीतला कोणीही सांगेल. साखर कारखान्यांच्या बाबतीत मात्र मदतीचा प्रश्न येत नाही; तिथे थेट अंमलबजावणी हवी.

नमुन्यांबाबत एक छोटी मागणी आहे. पंचनाम्यावर ज्या ग्रामस्थांच्या सह्या घेतल्या जातात, त्यांना तपासणीचा अहवाल तीस दिवसांत टपालाने पाठवावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही.

काठावरच्या ग्रामपंचायतींच्या सांडपाण्यासाठी, आमच्या गावासकट, गावाच्या आकाराला झेपतील अशा साध्या प्रक्रिया व्यवस्थांना जिल्हा परिषदेने प्राधान्याने निधी द्यावा आणि देखभालीचा खर्च पाच वर्षांसाठी त्यातच धरावा. बांधून वर्षभरात बंद पडलेल्या योजना आमच्या तालुक्याने पुरेशा पाहिल्या आहेत. गावाने आपला वाटा उचलावा यासाठी ग्रामसभेत ठराव आणण्याचे काम मी आणि माझ्यासोबतच्या बायका करू. तो शब्द या पत्रातून देत आहे.

घाटांच्या पायऱ्यांवर साचलेला गाळ आणि काठावर टाकलेले केंदाळ पावसाळ्याआधी उचलून नदीपासून दूर न्यावे. काढलेल्या केंदाळाचे खत करता येते, आणि आमच्या महिला बचत गटाची ते काम घेण्याची तयारी आहे.

शेवटची विनंती. या पत्राचे उत्तर लेखी द्यावे, आणि प्रत्येक मागणीपुढे ती मान्य आहे की नाही, असल्यास कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होईल, एवढे तीन रकाने भरून द्यावेत. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे’ हे वाक्य आमच्या फायलीत अनेक वेळा आलेले आहे, ते पुन्हा पाठवू नये.

आपल्यापैकी जे कोणी येऊ शकतील, त्यांनी बरगे काढण्याआधी, मे महिन्यातल्या कोणत्याही दिवशी पहाटे साडेपाचला आमच्या घाटावर यावे. आधी कळवायची गरज नाही, स्वागताची तयारी आम्ही करणार नाही. मी रोज त्या वेळी तिथे असते. वहिनी चहा आणतील. चहाचे पाणी बोअरचे असेल.

आपली विश्वासू,
पंचगंगाकाठची एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर